सायकल एकदा अंधारात उभी करून बघा

सायकलींचे आराखडे करणाऱ्या, त्या बनवणाऱ्या आणि विकणाऱ्या सर्व मंडळींना,

स. न. वि. वि.

मी गाडीही चालवते आणि सायकलही. आठवड्यातले चार-पाच दिवस सायकल, उरलेले दिवस गाडी. रात्रीच्या रस्त्यावर हँडल आणि स्टिअरिंग दोन्ही हाताळलेलं असल्यामुळे ही तक्रार दोन्हीकडची मिळून आहे असं समजा. तक्रार एवढीच, की तुम्ही विकता ती सायकल फक्त दिवसाची असते. ती रात्रीची करायचं काम तुम्ही गिऱ्हाइकावर सोडता, आणि गिऱ्हाईक ते उद्यावर ढकलतं.

हे पत्र लिहायला कारण झालं ते एका पावसाळी रात्रीचं. साडेनऊ वाजले असतील. मी गाडीत होते. समोरून येणाऱ्या ट्रकने अप्पर काही खाली केला नाही. तो निघून गेला आणि माझ्या डोळ्यांपुढे हिरवट डाग तरंगत राहिला. त्या दोन-तीन सेकंदांत मी रस्ता पाहत नव्हते, मघाशी पाहिलेला आठवत होते. तेवढ्यात खाली, अगदी रस्त्यालगत, दोन पिवळे ठिपके दिसले. एक वर, एक खाली. मग खालचा वर, वरचा खाली. ‘सायकल’ हा शब्द मनात उमटायच्या आत पाय ब्रेकवर गेलेला होता.

शेजारून पुढे जाताना पाहिलं. एक गृहस्थ, अंगावर काळा रेनकोट, मागे कॅरिअरपर्यंत आलेला. सीटखाली लाल दिवा होता, आणि तो चालूही होता! कोटाच्या काठाखालून त्याची लालसर धग तेवढी झिरपत होती. या माणसाने दिवा विकत आणला, बसवला, आठवणीने चार्ज केला, आठवणीने लावला, आणि कोटाने तो झाकून टाकला. त्यांना वाचवलं ते पॅडलवर आयत्या आलेल्या प्लॅस्टिकच्या दोन पट्ट्यांनी. त्या पट्ट्यांकडे त्यांनी आयुष्यात कधी लक्ष दिलं असेल असं वाटत नाही.

आता याच पट्ट्या तुमच्या नव्या सायकलींवरून गायब होत चालल्या आहेत, म्हणून पॅडलबद्दल जरा सविस्तर लिहिते.

गुन्नार योहान्सन या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये एक साधा प्रयोग मांडला. माणसाच्या खांदे, कोपर, गुडघे, घोटे अशा सांध्यांवर प्रकाशाचे ठिपके लावायचे आणि बाकी सगळं काळं करून टाकायचं. तो स्थिर उभा असेल तर बघणाऱ्याला नुसते विखुरलेले ठिपके दिसतात. तो चालायला लागला की बघणारा क्षणार्धात म्हणतो, माणूस! चालणाऱ्या माणसाची हालचाल ओळखायला आपल्या मेंदूला चेहरा लागत नाही, कपडे लागत नाहीत, ठिपक्यांचा ठेका पुरतो. पॅडलवरचा रिफ्लेक्टर हेच फुकटात करतो. रस्त्याकडेला लाल-पिवळं काहीबाही चमकत असतंच: खांबावरची पट्टी, दुभाजक, उभ्या ट्रकचं मागचं दार. त्यांतलं काहीही आलटून पालटून वरखाली होत नाही.

ऑस्ट्रेलियात संशोधकांनी हे बंद रस्त्यावर, रात्री, खऱ्या चालकांना गाडीत बसवून तपासलं. काळ्या कपड्यांतला सायकलस्वार फक्त २ टक्के वेळा ओळखता आला. नुसत्या फ्लुरोसंट जाकिटातला १५ टक्के, रिफ्लेक्टिव्ह जाकिटातला ५० टक्के. त्याच जाकिटाला घोट्यांवर आणि गुडघ्यांवर रिफ्लेक्टरच्या पट्ट्यांची जोड दिली तेव्हा आकडा ९० टक्क्यांवर गेला. जाकीट कापडाने मोठं, पट्ट्या बोटभर. फरक पडला तो पट्ट्या हलत्या जागी असल्यामुळे.

त्या १५ टक्क्यांवरही जरा थांबा. भडक पोपटी किंवा नारिंगी जाकीट घातलं की आपण रात्री उठून दिसतो असा समज सायकल चालवणाऱ्यांमध्ये घट्ट बसलेला आहे. माझाही होता. फ्लुरोसंट रंग उन्हातले अतिनील किरण घेऊन ते डोळ्याला दिसणाऱ्या प्रकाशात परत टाकतो, म्हणून दिवसा तो इतका झगमगतो. हेडलाइटच्या उजेडात ते किरण जवळजवळ नसतातच. रात्री ते जाकीट म्हणजे एक फिकट रंगाचा सदरा, एवढंच. रात्री काम करते ती त्यावरची चंदेरी पट्टी. तिच्यातले काचेचे बारीक मणी, किंवा प्लॅस्टिकच्या रिफ्लेक्टरमधले एकमेकांना काटकोनात बसवलेले तीन-तीन इवले आरसे, आलेला प्रकाश आला त्याच दिशेने माघारी धाडतात. तुम्हाला हे ठाऊक आहे. तरीही ‘रात्रीच्या सुरक्षिततेसाठी’ म्हणून भडक रंगाच्या सायकली खपवणारी पत्रकं मी पाहिली आहेत. पोपटी रंगाची सायकल रात्री करड्या रंगाची असते.

मागच्या महिन्यात भाच्याने नवी सायकल घेतली. देखणी आहे, खोटं कशाला बोलू. मॅट काळी चौकट, काळी रिम, काळे टायर, काळं सीट. पॅडल धातूची, टोकदार खिळ्यांची, पकड छान, आणि त्यावर रिफ्लेक्टर बसवायला जागाच नाही. पुढचा पांढरा आणि मागचा लाल रिफ्लेक्टर सायकलबरोबर आले होते, पण एका पिशवीत, सुटे. पिशवी त्याच्या टेबलाच्या खणात होती. चाकांवरचे त्याने स्वतःच काढले, कारण खडखडत होते.

अंधार पडल्यावर मी त्याला एका मोकळ्या, सरळ रस्त्यावर नेलं. मी गाडीत लो बीम लावून बसले आणि तो सायकल घेऊन पुढे निघाला. शंभर पावलांवर गेल्यावर त्याने फोन केला. “मावशी, दिसतोय का?”

“नाही.”

“आता?”

“कुठे आहेस तू?”

तो माझ्याकडे परत येत होता. मला पहिल्यांदा दिसली ती त्याच्या बुटाच्या टाचेवरची कुठलीशी चमकदार पट्टी, तीही तो वळून पुन्हा पाठमोरा झाला तेव्हा. सायकल अशी काही दिसलीच नाही. मग खणातली पिशवी आणली, मागचा लाल रिफ्लेक्टर स्क्रू आवळून सरळ बसवला, घोट्यांना पट्ट्या बांधल्या आणि त्याला पुन्हा पाठवलं. या वेळी शंभर पावलांवरून मला तो पॅडल मारतोय की नुसती सायकल सोडून दिलीय एवढंही सांगता येत होतं. तो गाडीपाशी आला, त्याला स्टिअरिंगवर बसवलं आणि मी सायकल घेऊन गेले. परतल्यावर तो काही बोलला नाही. घरी जाऊन त्याने चाकांचे रिफ्लेक्टरही पुन्हा लावले, खडखडू नयेत म्हणून मागे रबराचा तुकडा घालून. तो तुकडा तुम्ही घालायला हवा होता.

अंतराचा हिशेब सोपा आहे. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साडेसोळा मीटरहून थोडं जास्त. दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद धरला तर २५ मीटर तिथेच गेले. कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी वीसेक. म्हणजे ४५ मीटर. ताशी ८० ला हाच हिशेब जवळपास ७० मीटरवर जातो, आणि रस्ता ओला असेल तर त्याच्याही पुढे. लो बीमचा कामाचा उजेड साधारण पन्नास-साठ मीटर. त्यात काळ्या कपड्यांतला माणूस काळ्या सायकलवर असेल तर तो त्याहून कितीतरी जवळ आल्यावर कळतो. म्हणजे चालक शुद्धीवर, सावध आणि सभ्य असूनसुद्धा गणित जमत नाही. बेफाम चालवणाऱ्यांबद्दल मी इथे बोलतच नाहीये, त्यांना वेगळं पत्र लिहायला लागेल.

वयाचाही भाग आहे. साठीतल्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्याच्या मानाने खूपच कमी प्रकाश पोहोचतो, आणि समोरच्या दिव्यांनी दिपलेला डोळा सावरायलाही त्याला जास्त वेळ लागतो. स्टिअरिंगवर साठीतली माणसं भरपूर असतात. मीही त्या बाजूला सरकते आहे.

आता रिफ्लेक्टरची मर्यादा, कारण नुसते रिफ्लेक्टर लावून तुम्ही हात झटकावेत असं मला मुळीच वाटत नाही. रिफ्लेक्टर प्रकाश दिव्याकडे परत पाठवतो. चालकाचा डोळा दिव्याच्या जितका जवळ, तितका तो त्याला लख्ख दिसतो. मोटारीत बसलेल्याचा डोळा हेडलाइटच्या थोडाच वर असतो. ट्रक किंवा बसच्या चालकाचा मात्र बराच वर असतो. त्यामुळे तोच रिफ्लेक्टर त्याला मंद दिसतो, खास करून जवळून. म्हणजे ज्या वाहनाची सायकलवाल्याला सर्वांत जास्त भीती, त्याच्याच चालकाला रिफ्लेक्टरचा उपयोग कमी. मोबाइलच्या फ्लॅशने काढलेल्या फोटोत रिफ्लेक्टर सूर्यासारखा पेटलेला दिसतो, कारण फ्लॅश आणि लेन्स एकमेकांना चिकटून असतात. तो फोटो बघून कोणी निर्धास्त होऊ नये, आणि तुम्ही तो जाहिरातीत छापू नये.

दुसरी मर्यादा चौकातली. आडव्या रस्त्याने येणाऱ्या गाडीचे दिवे सायकलवर पडतात तेव्हा सायकल बहुतेक तिच्या बोनेटसमोर आलेली असते. टायरच्या कडेची रिफ्लेक्टिव्ह पट्टी अंधारात दोन पूर्ण वर्तुळं काढते, आणि दोन वर्तुळं म्हणजे सायकल हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. नेदरलँड्समध्ये चाकांवर अशी वर्तुळाकार पट्टी आणि पॅडलवर पिवळे रिफ्लेक्टर कायद्यानेच लागतात. पण त्या वर्तुळांवर वेळेत उजेड पडायला तर हवा. चौकात, वळणावर, फाटकातून बाहेर पडणाऱ्या गाडीसमोर, स्वतःचा प्रकाश असलेला दिवाच कामाला येतो.

दिव्याची गोष्ट आली की तुमच्याकडून उत्तर ठरलेलं असतं: बाजारात हवे तितके मिळतात, ज्याने त्याने घ्यावेत. मोटारीच्या बाबतीत असं कोणी म्हणत नाही. हेडलाइट ‘ॲक्सेसरी’ म्हणून काचेच्या कपाटात ठेवलेली मोटार मी पाहिलेली नाही. रस्ते वाहतुकीच्या १९६८ च्या व्हिएन्ना करारातही सायकलला मागे लाल रिफ्लेक्टर हवा आणि पुढे पांढरा किंवा पिवळा, मागे लाल दिवा दाखवायची सोय हवी असं म्हटलं आहे. ‘सोय’ या शब्दात तुम्ही पळवाट शोधलीत: क्लिप अडकवायला नळी आहे ना, झाली सोय.

क्लिपवाल्या दिव्याचं पुढे काय होतं ते रोज चालवणाऱ्याला विचारा. चोरीच्या भीतीने तो काढून खिशात ठेवावा लागतो. मग तो दुसऱ्या पँटच्या खिशात राहतो. चार्जिंग संपायचं ते नेमकं परतीच्या वाटेवर संपतं, आणि मागचा दिवा आपल्याला दिसत नसल्यामुळे तो विझलाय हे घरी पोहोचेपर्यंत कळत नाही. रबराचा पट्टा उन्हाने कडक होऊन तुटतो. दिवा हळूहळू खाली कलतो आणि रस्त्याच्या डांबराला लाल उजेड दाखवत बसतो. सीटखाली पिशवी लावली की पिशवीआड, कोट घातला की कोटाआड. यातला एकही दोष दिव्यातल्या एलईडीचा नाही. सगळे दोष तो कुठे आणि कसा बसवलाय याचे आहेत, म्हणजे तुमच्या टेबलावरचे.

डेन्मार्कमधल्या ओडेन्स शहरात २००४-०५ मध्ये एक प्रयोग झाला. ३,८४५ सायकलस्वार घेतले, त्यांतल्या १,८४५ जणांच्या सायकलींना कायम चालू राहणारे दिवे बसवले. आऱ्यांवर चुंबक, धुऱ्यापाशी दिवा. चाक फिरलं की दिवा लागणार. बॅटरी नाही, बटण नाही, विसरायची सोयच नाही. वर्षभरात त्यांचे इजा झालेले एकूण अपघात दिवे न बसवलेल्यांपेक्षा १९ टक्क्यांनी कमी निघाले. अपघातांची नोंद सायकलस्वारांनी स्वतःच कळवलेली होती, त्यामुळे त्या आकड्याला मी दगडावरची रेघ म्हणणार नाही. ते दिवे काही फार प्रखरही नव्हते. मला त्यातलं महत्त्वाचं वाटतं ते बटण नसणं.

हे तंत्र जुनंच आहे. चाकाच्या हबमध्ये, म्हणजे मधल्या तुंब्यात, चाक फिरलं की वीज तयार करणारा डायनॅमो बसवायची कल्पना १९३० च्या दशकात बाजारात आली होती. आमच्या पिढीने टायरला घासणारा बाटलीचा डायनॅमो पाहिला, त्याची घरघर ऐकली, पावसात तो घसरून दिवा मिणमिणताना पाहिला आणि डायनॅमो या शब्दालाच नाक मुरडलं. हबमधला डायनॅमो घसरत नाही, घरघरत नाही. तो सहा व्होल्टवर तीन वॅट देतो. पूर्वीच्या पिवळ्या बल्बला तेवढ्यात जेमतेम जगता यायचं. आजच्या एलईडीला तेवढ्यात रस्ता उजळता येतो. शिवाय मागच्या दिव्यात थोडी वीज साठवणारा एक छोटा कपॅसिटर टाकला की सायकल सिग्नलला उभी राहिली तरी दिवा काही मिनिटं तेवत राहतो. सिग्नलला उभं असताना मागून येणारी गाडी ही माझी स्वतःची सर्वांत मोठी धास्ती आहे.

लुकलुकणारा की स्थिर, यावर सायकलवाल्यांमध्ये भांडणं होतात. माझं मत विचाराल तर मागचा मुख्य दिवा स्थिर हवा. लुकलुकणारा लक्ष चटकन वेधतो हे खरं, पण तो किती लांब आहे आणि किती वेगाने जवळ येतोय याचा अंदाज चालकाला नीट लागत नाही. दुसरा दिवा लावायची हौस असेल तर तो लुकलुकू दे. आणि पुढच्या दिव्याला वरून कापलेला झोत द्या, मोटारीला असतो तसा. गोल टॉर्च हँडलवर बांधून समोरच्याच्या डोळ्यांत मारणारे सायकलवाले मला गाडीत असताना त्या ट्रकवाल्याइतकेच नकोसे होतात.

एक आक्षेप मला सायकलवाल्यांकडूनच येईल, तोही इथेच घेते. ब्रिटनमध्ये १९२० आणि ३० च्या दशकांत मागच्या लाल दिव्याच्या सक्तीला सायकलस्वारांच्याच संघटनेने विरोध केला होता. त्यांचं म्हणणं, समोरच्याला पाहून थांबणं हे मोटार चालवणाऱ्याचं काम; उद्या दिवा नव्हता म्हणून आमच्यावरच दोष येईल. ही भीती खोटी नव्हती. आजही अपघातानंतर पहिला प्रश्न ‘दिवा होता का’ हा असतो आणि ‘वेग किती होता’ हा नंतर येतो. म्हणूनच मी हे पत्र सायकलस्वारांना लिहीत नाहीये. त्यांना आधीच पुरेसे उपदेश मिळतात, जाकीट घाला, पट्ट्या बांधा, चार्जिंग बघा. दिसणं सायकलच्या अंगातच असेल, तर रात्रपाळी संपवून दमून घरी निघालेल्या माणसाला यातलं काहीच आठवावं लागणार नाही.

तेव्हा मागणी काय, तर पॅडल कुठल्याही प्रकारचं असो, त्याच्या पुढच्या आणि मागच्या कडेला रिफ्लेक्टरची जागा ठेवा आणि तो बसवूनच द्या. पॅडलवर जागा होत नसेल तर क्रँकच्या, म्हणजे पॅडल ज्या दांड्याला लागतं त्याच्या, मागच्या कडेवर पट्टी चिकटवा, वरखाली तीही होते. टायरला पट्टी असू द्या. मागचा दिवा सीटखालून काढून मडगार्डवर किंवा कॅरिअरच्या शेवटच्या टोकाला आणा, कोट आणि पिशवीच्या पलीकडे, आणि बोल्टने आवळा. मागून दिसणाऱ्या कडांवर, म्हणजे सीटच्या दांड्याच्या आणि मागच्या दोन नळ्यांच्या पाठीवर, तुमचं नाव रिफ्लेक्टिव्ह अक्षरांत छापा. काळ्यावर काळी रिफ्लेक्टिव्ह पट्टीही मिळते, दिवसा ती दिसतसुद्धा नाही, तेव्हा देखणेपणाचं कारण सांगू नका. वजनाचं कारण शर्यतीच्या सायकलपुरतं मान्य. दळण, शाळा, नोकरी यांच्या सायकलला पाव-अर्धा किलोने काही होत नाही.

शेवटी एक विनंती. पुढचं मॉडेल नक्की करायच्या आधी ते एका रात्री बाहेर काढा. आराखडा ज्याने केला त्यालाच काळा रेनकोट घालून त्यावर बसवा. साठीतला एखादा सहकारी गाडीत बसू दे, एखादा ट्रकच्या केबिनमध्ये. गाडीच्या काचेवर थोडं पाणी मारा, समोरून कोणाला तरी अप्पर मारायला सांगा, आणि सायकल नक्की किती मीटरवर दिसली ते टेपने मोजा. तो आकडा सायकलच्या माहितीपत्रकात गिअरच्या संख्येशेजारी छापा. पहिल्या वर्षी तो लाजिरवाणा आला तरी चालेल, मी तरीही तीच सायकल आधी बघायला येईन.

कळावे,

आपली,
गाडी आणि सायकल दोन्ही चालवणारी एक गिऱ्हाईक

ता. क. पिशवीत सुटे रिफ्लेक्टर देणार असाल, तर त्याबरोबर निदान योग्य मापाचा स्क्रू तरी द्या. भाच्याच्या पिशवीतला लागत नव्हता.